सात चांदीच्या दाढा आणि गालातली पांढरी जाळी

नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात बाई आल्या त्या एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. वय ५४, कळव्याच्या एका शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका, राहायला चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी प्लास्टिकची फाइल माझ्यापुढे ठेवली. आत रक्ताचे रिपोर्ट, मुलाने छापून दिलेले पंधरा-वीस कागद आणि घोडबंदर रोडवरच्या एका ठिकाणाहून आणलेलं अंदाजपत्रक. तोंडातल्या सातही दाढांतली चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं फिलिंग, दोन बैठकांत काढायची आणि नंतर शरीरातला पारा काढण्याचा कोर्स करायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. खालची रक्कम त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती.

"डॉक्टर, मला एवढंच सांगा, हे सगळं या चांदीमुळे होतंय का?"

हे सगळं म्हणजे काय, ते मी एकेक करून लिहून घेतलं. आठ महिन्यांपासून डाव्या गालाला आतून आग, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. ब्रश करताना रक्त. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली. दुपारनंतर फळ्यासमोर उभं राहवत नाही इतका थकवा. सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन सुरू. रिपोर्टमधल्या एका ओळीवर पिवळ्या पेनाने रेघ मारलेली: एचएस-सीआरपी ६.४.

ही ओळ नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. सीआरपी हे प्रथिन लिव्हर तयार करतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी जे निरोप पाठवतात, ते मिळाल्यावर लिव्हर त्याचं उत्पादन वाढवतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. हृदयाच्या धोक्याचा अंदाज घेताना लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असं धरतात. १० च्या वर गेलं तर ताजं इन्फेक्शन आहे का ते बघून काही दिवसांनी पुन्हा तपासतात. पण या आकड्यात एक मोठी उणीव आहे. तो धूर दाखवतो, चूल कुठे पेटली आहे ते सांगत नाही. पोटावरची चरबी, हिरड्या, सांधे, नुकतीच झालेली सर्दी, सगळ्यांचा धूर एकाच धुराड्यातून बाहेर पडतो. बाईंच्या फाइलमधले कागद मात्र त्या एका आकड्यावरून थेट दाढेतल्या चांदीवर बोट ठेवत होते.

सांध्यांसाठी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्तचाचण्या करून घेतल्या होत्या, दोन्ही निगेटिव्ह. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ८.३ होतं. वर्षभरापूर्वी ते ७.२ होतं. हा फरक मला खटकला.

"मधल्या काळात खाण्यात काय बदललं?"

बाईंनी अभिमानाने सांगितलं. दाह कमी करायचा म्हणून रोज सकाळी बीट, गाजर, सफरचंदाचा मोठा पेला रस, त्यात दोन चमचे मध. हळदीच्या कॅप्सूल, काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या. आणि मासे पूर्ण बंद. कोळीवाड्याशेजारी जन्म गेला, पण माशात पारा असतो असं वाचलं आणि त्या दिवसापासून घरात बांगडा आला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

आणखी एक गोष्ट त्या आपणहून बोलल्या नाहीत, मला विचारावी लागली. मिश्री कधी लावली नाही, तंबाखू नाही. पण जेवणानंतर भाजक्या सुपारीचं खांड गालात धरायची सवय होती, वीस वर्षांची. कोणत्या गालात? त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं.

आता तोंडात काय दिसलं ते. डावीकडची खालची शेवटून दुसरी दाढ. तिच्यातलं फिलिंग दाढेच्या माथ्यावरून गालाच्या बाजूला उतरलेलं, काळं पडलेलं, कडेला खडबडीत. आरशाने गाल बाजूला ओढला. दाढेला गाल जिथे टेकतो, नेमकं तिथेच आतल्या त्वचेवर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी होती, मध्ये लालसर, साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि एक रुंद. गाल सोडला की जाळीची वरची कड फिलिंगच्या कडेवर जाऊन बसायची. गाल पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी तसंच. मी आरसा बाईंच्या हातात दिला आणि त्यांनाही दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. उजव्या बाजूला चार चांदीच्या दाढा होत्या, तिथला गाल गुलाबी आणि स्वच्छ. जिभेवर काही नाही.

मग हिरड्या. बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या फटीत उतरवायची आणि किती मिलिमीटर जाते ते मोठ्याने बोलायचं, असिस्टंट लिहून घेते. तीनपर्यंत ठीक. बाईंच्या बाबतीत मी बोलत होते, "तीन, पाच, सहा. पाच, पाच, सात." सळई बाहेर आली की मागोमाग रक्ताचा थेंब. २५ दात होते, त्यातल्या बहुतेक दाढांभोवती हेच चित्र. एक्स-रेमध्ये हाड खाली सरकलेलं दिसत होतं. मधल्या ते तीव्र पायोरियात दातांभोवती दाह झालेला एकूण पृष्ठभाग साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो. गालातली ती जाळी जेमतेम दोन. हे आकडे मी त्याच दिवशी कागदावर शेजारी शेजारी लिहून बाईंना दाखवले, कारण त्यांची सगळी भीती जाळीभोवती गोळा झाली होती आणि हिरड्यांकडे त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. ब्रश करताना थोडं रक्त येतं, त्यात काय, असं घराघरात म्हणतात. तळहाताला तेवढी जखम असती तर कोणी वर्षभर अंगावर काढली नसती.

त्यांच्या भीतीत तथ्य होतं, हे मला मनापासून सांगायचं आहे. चांदी म्हणतो ते अमाल्गम वजनाने साधारण अर्धा पारा असतं, उरलेल्या भागात चांदी, कथिल, तांबं. त्यातून पाऱ्याची अगदी थोडी वाफ सुटत राहते, चावताना आणि दात खाताना जास्त. प्रश्न आहे तो तेवढ्याने कोणाला काय होतं याचा. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली ५३४ मुलं पाच वर्षं आणि लिस्बनमधली ५०७ मुलं सात वर्षं. निम्म्यांच्या दाढांत अमाल्गम, निम्म्यांच्या पांढरं कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग. अमाल्गमवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त निघाला. पण बुद्धी, स्मरण, लक्ष यांत दोन गटांमध्ये म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. २०२० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, मज्जासंस्थेचे किंवा किडनीचे विकार असलेले आणि पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले यांना शक्यतो अमाल्गम भरू नये असं सांगितलं. त्याच निवेदनात असंही म्हटलं की चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नये, कारण ड्रिलने कापताना तेवढ्यापुरती वाफ वाढते.

बाईंचा मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. दुसऱ्या भेटीला तो बरोबर आला आणि त्याने सरळ प्रश्न केला, "मग जगभर हे बंद का करतायत?"

प्रश्न योग्य होता. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, भारतानेही त्याला मान्यता दिली आहे. युरोपीय संघाने २०२५ च्या सुरुवातीपासून अमाल्गम जवळपास थांबवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत जगभर वापर संपवायचं ठरलं. या सगळ्यामागचं मुख्य कारण पाणी आणि माती आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात गेलेला पारा खाडीत पोचतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांमार्फत ताटात येतो. जपानच्या मिनामाता खाडीतल्या लोकांना एका कारखान्याच्या सांडपाण्यातल्या याच मिथाइल पाऱ्याने लुळंपांगळं केलं. १९५६ मध्ये तो आजार पहिल्यांदा नोंदला गेला. दाढेतला धातूचा पारा आणि माशातला मिथाइल पारा हे दोन वेगळे पदार्थ आहेत, शरीरात वेगळ्या वाटेने जातात. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला हा फरक कळणं फार गरजेचं आहे असं मला वाटतं. मी स्वतः नवीन चांदी भरणं कधीच थांबवलं आहे, आणि काढलेले तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळे ठेवते.

पण बाईंच्या गालाचा प्रश्न विषबाधेचा नव्हताच. तो अ‍ॅलर्जीचा होता का, हे बघायचं होतं. काही थोड्या लोकांच्या त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशी पाऱ्याला शत्रू मानतात आणि फिलिंग जिथे घासतं तेवढ्याच जागेवर हल्ला करतात. दिसायला हे लायकेन प्लॅनस या तोंडातल्या त्वचेच्या आजारासारखं असतं, पण लायकेन प्लॅनस बहुधा दोन्ही गालांत सारखा उमटतो. सुपारीचं खांड ठेवलेल्या जागीही अगदी अशीच जाळी येते. आणि सुपारी कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नि:संदिग्ध सांगितलं आहे. म्हणजे एकाच जागेवर दोन संशयित. त्यात पायोरिया, त्यात रस, त्यात कॅप्सूल.

सातही फिलिंग एकदम काढली असती, सुपारी सोडली असती, रस बंद केला असता, हिरड्या साफ केल्या असत्या, तर बाई बऱ्याच सुधारल्या असत्या आणि सगळं श्रेय त्या अंदाजपत्रकाला मिळालं असतं. म्हणून आम्ही ठरवलं की शक्य तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो घ्यायचा.

पहिल्याच दिवशी सुपारी बंद. रस आणि मध बंद करणं मात्र मी लांबवलं नाही, साखर ८.३ असताना ते बरोबर नव्हतं. कॅप्सूलही थांबवल्या. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिच्यात कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातलंही थोडंच रक्तात जातं. पण मिरीचा अर्क घालून ते शोषण मुद्दाम वाढवलेल्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फॅमिली डॉक्टरांनी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्तचाचणी, बघून घेतलं, ते ठीक निघालं. दोन आठवड्यांनी लाल भागाच्या कडेचा चार मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीसाठी पाठवला. रिपोर्ट आला: वरच्या थराखाली लिंफोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचा पट्टा, पेशींत कॅन्सरकडे जाणारे बदल नाहीत. तो वाचून दाखवला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पर्स मांडीवरून खाली ठेवली.

सुपारी सोडून चार आठवडे झाले, फोटो जसाच्या तसा. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट. पाठीवर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, पट्ट्या काढून बघायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा. मे महिन्याच्या घामात बाईंनी ते निभावलं. चौथ्या दिवशी पाऱ्याच्या जागी लाल, फुगीर चट्टा होता.

त्यानंतरच मी ते एक फिलिंग काढलं. दाढेभोवती रबर डॅम (बाकीचं तोंड झाकणारा रबराचा पडदा), भरपूर पाणी, शेजारी मोठं सक्शन, आणि भुगा न करता रेघा पाडून मोठे तुकडे उचलायचे. पंचवीस मिनिटं लागली. जागी काय भरायचं यावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. बाईंना वाटत होतं पांढरं ते निर्धोक. तसं नाही. कंपोझिटमधल्या रेझिनमधून सुरुवातीच्या काही तासांत बीपीए या रसायनाचा अंश लाळेत उतरतो, म्हणून भरल्यावर वरचा थर पुसून गुळण्या करायला लावतात. न्यू इंग्लंडच्या त्याच मुलांच्या माहितीवरून २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात विशिष्ट कंपोझिट जास्त असलेल्या मुलांचे वागणुकीचे गुण किंचित कमी दिसले होते. आणि त्याच रेझिनचे घटक हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातात, दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या कित्येकींची बोटं त्यामुळे फुटतात. आमच्या मटेरियलची सुरक्षितता म्हणताना लोक फक्त रुग्णाचा विचार करतात, भरून देणाऱ्या मुलींचा कोणी करत नाही. शेवटी तीन महिन्यांसाठी ग्लास आयोनोमर भरलं. १९७२ मध्ये लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या विल्सन आणि केंट यांनी ते जगापुढे मांडलं. दाताला रसायनाने चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण लवकर झिजतं. जाळी जाते का ते बघायला तेवढं पुरे होतं. गेली तर झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप, असं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. ठेचा खाल्ला होता. आग झाली नव्हती.

सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. जाळी निम्म्याहून फिकी झालेली, पण सीआरपी ६.१. जवळपास तिथेच. मुलगा म्हणाला, "अजून सहा दाढा आहेत ना." म्हणून लघवीतला पारा तपासला, साधा, कोणतंही औषध न देता. शरीरातून धातू खेचणारी औषधं देऊन मग लघवी तपासायची एक पद्धत अशा ठिकाणी चालते. त्या औषधाने कोणाच्याही लघवीतला पारा वाढतो आणि तो पडताळायला मान्य मोजपट्टीच नाही. बाईंचा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत आला. मुलाने रिपोर्ट दोनदा वाचला आणि ते अंदाजपत्रक फाइलमधून काढून घेतलं.

मग हिरड्या. इथे माझ्या एका सहकारी डॉक्टरांचा आक्षेप नोंदवायला हवा: हिरड्यांची ट्रीटमेंट दोन-तीन महिने मागे का ठेवली? आक्षेप रास्त आहे. पहिल्या दिवशीच मऊ ब्रश आणि दातांमधल्या फटींचे बारीक ब्रश शिकवले होते, तरी खोल सफाई मी थांबवली. बाईंची खात्री पटली नसती तर त्या घोडबंदर रोडला गेल्या असत्या, म्हणून मी ती जोखीम घेतली. साखर यापेक्षा जास्त असती तर घेतली नसती.

चार बैठकांत, जागा बधिर करून, मुळांवरचा थर खरवडून काढला. रक्त लगेच तपासायचं नाही हे आधीच सांगितलं होतं. २००७ मध्ये तीव्र पायोरियाच्या १२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सफाईनंतर चोवीस तासांत सीआरपी उलट उसळलेलं आणि रक्तवाहिन्यांचं काम बिघडलेलं दिसलं होतं. दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा चांगल्या झाल्या होत्या. घाईने तपासणी केली असती तर बाईंना वाटलं असतं की मीच बिघडवलं.

खाण्याची दुरुस्तीही याच काळात पक्की झाली. स्वित्झर्लंडमध्ये दहा माणसं चार आठवडे अश्मयुगातल्यासारखी राहिली होती. ना ब्रश, ना साखर, ना मैदा. दातांवरचा थर वाढला, पण हिरड्यांतून रक्त येणाऱ्या जागा सुमारे ३५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आल्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला २०१६ मध्ये पंधरा जणांच्या छोट्या चाचणीतही साखर-पिठूळ कमी आणि ओमेगा-३, क जीवनसत्त्व, चोथा जास्त दिल्यावर रक्तस्राव निम्म्याच्या आसपास उतरला. अभ्यास लहान आहेत, तरी बाईंच्या घरात ते उतरवायला काही परकं आणावं लागलं नाही. चहाबरोबरची चार बिस्किटं गेली. रात्री भाताऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, पालेभाजी, रसाऐवजी अख्खा पेरू किंवा आवळा. आणि बांगडा परत आला. छोटे मासे, बांगडा, तारली, मांदेली, कमी जगतात आणि त्यांच्यात पारा कमी साठतो. मोरीसारख्या (शार्क) दुसरे मासे खाऊन मोठ्या होणाऱ्या माशांत तो साठत जातो. त्या बाजूला ठेवा एवढंच सांगितलं.

सफाईनंतर तीन महिन्यांनी सीआरपी २.७, एचबीएवनसी ७.३, औषध तेच. यातलं श्रेय कसं वाटायचं? मधुमेहींमध्ये पायोरियाच्या ट्रीटमेंटने तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात आलं आहे. बाईंचं पूर्ण एकने उतरलं, आणि त्यातला मोठा हिस्सा मी रस आणि मधाच्या खात्यात घालते. सीआरपीमध्ये हिरड्यांचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं, कारण रस बंद होऊन अडीच महिने झाले तरी ते ६.१ वर बसून होतं. बोटं अजून सकाळी थोडी आखडतात. ते आम्ही त्यांच्या फॅमिली डॉक्टरांवर सोपवलं आहे.

तीन महिन्यांनी गालात एक अंधुक रेघ उरली होती, ती ओढून धरलेल्या गालावर उजेड तिरका पाडला तरच दिसायची. त्या दाढेवर कॅप बसली. लायकेनसारख्या डागांपैकी शंभरात साधारण एक पुढे कॅन्सरकडे वळतो आणि वीस वर्षांच्या सुपारीचा हिशेब वेगळाच, म्हणून दर सहा महिन्यांनी गाल तपासायचा हे ठरलं आहे. उरलेल्या सहा दाढांतली चांदी अजून तशीच आहे. गेल्या भेटीत उजवीकडच्या एका फिलिंगची कड तुटलेली दिसली. पॅच टेस्ट पॉझिटिव्ह असल्यामुळे तिथे पुन्हा चांदी भरायचा प्रश्नच नाही. तुटली आहे म्हणून ती काढायची, शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यावर. बाकीच्या पाच तशाच राहणार. बाईंनी तारीख डायरीत लिहून घेतली आणि जाताना विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी मासे चालतील ना?"

"बधिरपणा उतरल्यावर," मी म्हणाले. "काटे जपून."